सायकल, तिकीट आणि सुका कचरा: कोथरूडकरांना नेहमी पडणारे प्रश्न

पुण्याच्या कोथरूड-कर्वेनगर भागात दर जूनमध्ये नवे भाडेकरू येतात, आणि पार्किंगमध्ये, लिफ्टमध्ये, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर तेच ते प्रश्न विचारले जातात. उत्तरंही तीच असतात, फक्त दर वेळी वेगळा शेजारी ती थोडी चुकीची देतो. म्हणून एकदाची इथे लिहून ठेवली आहेत.

सायकल

कोथरूडहून डेक्कन-शिवाजीनगरला रोज सायकलनं जाणं जमतं का? ऑफिसला घामाघूम होऊन कसं पोचायचं?

जमतं, आणि घामाच्या बाबतीत आपण कोथरूडकर नशीबवान आहोत. वनाझकडून नदीच्या दिशेनं सगळा उतार आहे. सकाळी जाताना पायडल मारावं लागतं ते सिग्नल सुटल्यावर, बाकी सायकल आपोआप पळते. चढ लागतो तो संध्याकाळी, घरी येताना, आणि घरी आंघोळीची सोय असतेच. जून ते ऑगस्ट वारा पश्चिमेचा असतो. तेव्हा येताना चढही आणि तोंडावर वाराही. त्या महिन्यांत वेळ थोडा जास्त धरा.

उलट दिशेला, म्हणजे चांदणी चौकाच्या पलीकडे बावधनला ज्यांचं ऑफिस आहे, त्यांनी एक जास्तीचा शर्ट दप्तरात ठेवावा. त्याला दुसरा इलाज नाही.

गिअरची घ्यावी की साधी?

पेठा, डेक्कन, कर्वे रोड एवढंच फिरायचं असेल तर साधी पुरते. सिंहगडाचा किंवा बोपदेव घाटाचा विचार असेल तर गिअर लागतातच. दुकानदार सहसा जाड टायरची, पुढे शॉकअप असलेली सायकल गळ्यात मारतात. डांबरी रस्त्यावर ते शॉकअप तुमचीच ताकद खातं आणि वजन वाढवतं ते वेगळंच. मध्यम जाडीचे टायर, मडगार्ड, मागे कॅरिअर आणि स्टँड: रोजच्या वापराला हे चार असले की झालं. मडगार्ड नसलेली सायकल पुण्याच्या पावसात पाठीवर चिखलाची उभी रेघ काढते. ती धुऊनही पूर्ण जात नाही.

पार्किंगमध्ये आमची जुनी सायकल कित्येक वर्षं पडून आहे. चालू होईल की भंगारात द्यावी?

आधी भंगारात देऊ नका. बहुतेक सायकली मेलेल्या नसतात, फक्त त्यांच्यातली हवा गेलेली असते. स्वतःच तपासा. मागचं चाक उचलून फिरवा. रिम डगमगत असेल तर स्पोक आवळून आऊट काढता येतो, ते काम कुठलाही जुना मिस्त्री करतो. चेन गंजून तांबूस झाली असेल पण कड्या वळत असतील तर रॉकेल किंवा डिझेलनं धुऊन, कोरडी करून, तेल द्या. कड्या ताठ झाल्या असतील तर चेन नवीनच टाका. ब्रेकचे रबर दगडासारखे कडक झालेले असणारच, ते बदला. तो खर्च फारसा नाही, आणि तो टाळण्यासारखाही नाही. केबल ओढून बघा, गंजलेली केबल ऐन उतारावर तुटते. शेवटी टायर: कडेला बारीक भेगा दिसल्या की तो बदलायचा, वरची नक्षी कितीही शाबूत असो.

ट्यूबमध्ये हवा भरून रात्रभर ठेवा. सकाळी चाक बसलेलं दिसलं तर पंक्चरवाल्याकडे जा, आणि तो काम करत असताना जरा थांबून बघा. ट्यूब पाण्याच्या घमेल्यात वीतभर-वीतभर सरकवत तो बुडबुड्यांची वाट बघतो. बुडबुडा आला की तिथे खूण करतो, ट्यूब पुसतो, पॉलिश पेपरनं घासतो, सोल्युशन लावून फुंकर मारतो, आणि ते अर्धवट वाळेपर्यंत ठिगळ लावत नाही. ही शेवटची अर्ध्या मिनिटाची कळ घरी पंक्चर काढणाऱ्यांना सोसत नाही, म्हणून त्यांचं ठिगळ दोन दिवसांत सुटतं. टायर परत चढवण्याआधी तो आतून बोट फिरवून काच किंवा तार शोधतो. हेही शिकून घ्या.

आणि सायकल खरोखरच कुणाला नको असेल तर ती वॉचमनच्या किंवा घरकामाला येणाऱ्या ताईंच्या मुलाला लागते का हे आधी विचारा. मात्र हवा भरून, ब्रेक नीट करून द्या. दुरुस्तीचा खर्च घेणाऱ्याच्या माथी मारायचा आणि त्याला दान म्हणायचं, हे बरं नव्हे.

सायकल ट्रॅकवरूनच जायचं का?

जिथे ट्रॅक मोकळा असेल तिथे जरूर. जंगली महाराज रस्ता, औंधचा आयटीआय रोड, सातारा रोड इथे ट्रॅक आहेत. महापालिकेच्या सर्वसाधारण सभेनं २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखडाही मंजूर केला. प्रत्यक्षात ट्रॅकवर लावलेल्या दुचाकी, पथाऱ्या, मध्येच आलेला विजेचा डीपी आणि फूटभर उंचीवर अचानक संपणारा कठडा, हे सगळं धरून चाला. ट्रॅकवरून दर शंभर पावलांना खाली-वर करण्यापेक्षा रस्त्याच्या डाव्या बाजूनं सरळ रेषेत चालवणं जास्त सुरक्षित, कारण मागच्या गाडीवाल्याला तुम्ही पुढे काय करणार ते कळतं. नाल्याच्या जाळीवरून जाताना फट चाकाच्या दिशेत आहे की आडवी, ते आधी बघा.

आणि हो, सायकलला वन-वे लागू नाही ही समजूत पुण्यात फार जुनी आहे आणि तेवढीच चुकीचीही.

ते भाड्याच्या सायकलींचं काय झालं?

२०१७ च्या डिसेंबरमध्ये विद्यापीठाच्या आवारात आणि औंधमध्ये स्मार्ट सिटीतर्फे सुरुवात झाली. पाठोपाठ ओफो, मोबाइक, पेडल, युलू अशा रंगीबेरंगी सायकली शहरभर दिसू लागल्या. वर्ष-दोन वर्षांत बहुतेक कंपन्यांनी गाशा गुंडाळला. तोडफोड आणि चोऱ्या हे कारण सगळे सांगतात. त्यासोबत हेही खरं की देखभालीला माणसंच पुरेशी नव्हती. हवा नसलेली सायकल भाड्यानं कोण घेणार? आता रोजच्या वापराला स्वतःची सायकल हाच भरवशाचा मार्ग.

सायकल मेट्रोत नेता येते का?

येते. गर्दीच्या वेळी नेऊ नका, नियमासाठी नव्हे, लोकांच्या नजरा झेलाव्या लागतात म्हणून. लिफ्टनं जा, सरकत्या जिन्यावर सायकल चढवू नका. जिल्हा न्यायालय स्थानकात मार्ग बदलायचा असेल तर वेळ धरा: वनाझ-रामवाडी मार्ग वर पुलावर आहे आणि स्वारगेटचा मार्ग जमिनीखाली सुमारे ३३ मीटरवर. एवढं अंतर सायकल घेऊन उतरण्यापेक्षा मंडईला जायचं असेल तर डेक्कनलाच उतरा आणि लकडी पुलावरून सरळ चालवत जा.

बसमध्ये सायकलचा विचार सोडा.

पावसाळ्यात नदीपात्रातला रस्ता चालतो का?

खडकवासला धरणातून पाणी सोडलं की भिडे पूल आणि नदीपात्रातला रस्ता बंद होतो. बॅरिकेड लावलं म्हणजे लावलं. खालून सायकल काढणारे दर वर्षी असतात, त्यांच्यात तुमची भर नको. म्हात्रे पूल किंवा लकडी पूल घ्या.

तिकीट

पीएमपीचं, म्हणजे शहर बसचं, तिकीट आता कसं आकारतात?

जून २०२५ पासून टप्पे बदलले. पहिल्या पाच किलोमीटरला १० रुपये, दहापर्यंत २०, पंधरापर्यंत ३०, आणि पुढे तीस किलोमीटरपर्यंत दर पाच किलोमीटरला आणखी १०. त्यामुळे पाच-पाच रुपयांच्या सुट्ट्यावरून होणारी भांडणं बरीच कमी झाली, हा भाववाढीचा एकुलता एक फायदा. शहरातल्या रोजच्या मार्गांवर एसी ई-बसला वेगळं भाडं नाही.

दिवसाचा पास घ्यावा की तिकीट काढत जावं? महिन्याचा पास परवडतो का?

हा प्रश्न लोक गणित न करता सोडवतात. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही शहरांच्या हद्दीतला दिवसाचा पास ७० रुपयांना आहे, पीएमआरडीएच्या, म्हणजे आसपासच्या गावांसकट सगळ्या मार्गांचा १५०. तुम्ही २० रुपयांच्या टप्प्यात जाऊन येऊन करत असाल तर दिवसाचे ४० होतात, पासाची गरज नाही. ३० रुपयांच्या टप्प्यात जाऊन येऊन ६० झाले आणि मध्ये कुठेही एकदा बसलात की पास वसूल. बस बदलून जाणाऱ्यांना, दोन्ही बसला २०-२० लागत असतील तर, तो सकाळीच घेणं बरं, कारण बदललेल्या बसमध्ये तिकीट पुन्हा पहिल्या टप्प्यापासून सुरू होतं.

महिन्याचा पास १५०० रुपये. २० रुपयांच्या टप्प्यातल्या माणसाला तो घाट्याचा: रोज जाऊन-येऊन ४० धरले तर तीस दिवस रोज प्रवास करूनही १२०० च होतात. ३० च्या टप्प्यातल्या माणसाचे पंचवीस दिवसांत बरोबर १५०० होतात. म्हणजे शनिवार-रविवार सुट्टी असेल तर त्यालाही पास घाट्यातच जातो. ज्यांचा रोज दोन बसचा प्रवास आहे आणि दोन्हींत २०-२० लागतात त्यांनी मात्र डोळे झाकून घ्यावा.

सुट्टे नाहीत, यूपीआय चालतं का?

चालतं, ऑक्टोबर २०२३ पासून. कंडक्टरकडे क्यूआर असतो. गर्दीच्या बसमध्ये मात्र तुमच्या फोनवर ते चक्र फिरत बसतं, मागचे सहा जण तिकिटासाठी हात पुढे करतात आणि दोन स्टॉप निघून जातात. म्हणून फोन आधीच उघडून ठेवा, आणि दहा-वीसच्या दोन-चार नोटा वरच्या खिशात असू द्या. कंडक्टरचा दिवस चांगला जातो, आपलाही.

‘आपली पीएमपीएमएल’ ॲप घ्यावं का?

घ्या. तिकीट आणि पास फोनवर निघतात, मेट्रोचं तिकीटही त्यातच मिळतं. पण त्याचा खरा उपयोग बस कुठवर आली ते बघायला. नकाशावरची बस हलत नसेल तर ती नळस्टॉपला अडकलेली असते, ॲप बिघडलेलं नसतं.

मग बस आणि मेट्रो एकाच तिकिटावर होतं का?

ॲप एक, भाडी दोन. बसचा पास मेट्रोच्या गेटवर चालत नाही.

मेट्रोला कागदी तिकीट, व्हॉट्सॲप की कार्ड?

भाडं १० ते ३५ रुपयांच्या दरम्यान आहे. क्वचित जाणाऱ्यानं व्हॉट्सॲपवर किंवा ॲपवर क्यूआर काढावा. रोज जाणाऱ्यानं ‘एक पुणे’ कार्ड घ्यावं: आठवड्यातल्या कामाच्या दिवशी १० टक्के सूट मिळते. शनिवार-रविवार सगळ्यांनाच ३० टक्के सूट असते. विद्यार्थ्यांचं कार्ड वेगळं, त्यावर ३० टक्के. घरी पाहुणे आले आणि त्यांना दिवसभर फिरवायचं असेल तर १०० रुपयांचा दिवसाचा पास आहे.

कार्डाबद्दल एक गोष्ट लोकांना ठाऊक नसते. पैसे कार्डाच्या चिपमध्ये असतात. घरी बसून ऑनलाइन पैसे भरले तरी ते चिपमध्ये लगेच उतरत नाहीत, स्थानकावर कार्ड मशीनला लावून शिल्लक अद्ययावत करावी लागते. ते न करता गेटवर कार्ड आपटत राहणारे काका रोज एक तरी दिसतात. हे कार्ड राष्ट्रीय कॉमन मोबिलिटी पद्धतीचं असल्यामुळे ती पद्धत स्वीकारणाऱ्या इतर शहरांच्या मेट्रोतही चालतं. मुंबईला जाताना घरी ठेवून जाऊ नका.

जिल्हा न्यायालयला मार्ग बदलताना बाहेर पडू नका. आतल्या आत जा, तिकीट एकच लागतं. गाड्या रात्री अकरापर्यंत असतात.

लोणावळा लोकलचं तिकीट?

ते रेल्वेचं, मेट्रोशी संबंध नाही. मेट्रोनं पुणे रेल्वे स्टेशनला किंवा शिवाजीनगरला उतरून लोकल धरता येते. पिंपरी-चिंचवडकडून येणाऱ्यांना खडकी, दापोडी, कासारवाडीलाही दोन्ही जवळ पडतात. मोबाइलवरचं तिकीट फलाटावर पोचायच्या आधी काढा. आत गेल्यावर फोनवरून सरळ निघत नाही, मग स्टेशनवरचा क्यूआर शोधावा लागतो. तोवर लोकल गेलेली असते आणि पुढची दुपारच्या मोठ्या खंडानंतर.

बसचं तिकीट रद्दीत टाकलं तर चालतं का?

नाही. हा प्रश्न विचारणारा एकटाच होता, पण प्रश्न चोख होता. मशीनमधून निघणारं तिकीट थर्मल कागदाचं असतं. शाईनं छापलेलं नसतं, उष्णतेनं काळं पडणारा लेप त्यावर असतो. म्हणूनच खिशात दोन दिवस राहिलं की कोरं होतं. हा लेप रद्दीच्या लगद्यात गेला तर नव्या कागदात उतरतो. दुकानाची बिलं, एटीएमच्या पावत्या, सगळी त्याच जातीची. ती सुक्या कचऱ्यात, रद्दीपासून बाजूला. जुनी रंगीत, पंच मारलेली तिकिटं कुणाच्या पुस्तकात खुणेला ठेवलेली सापडली तर ती साधा कागद आहेत. पण ती टाकू नका हो.

कचरा

आमच्याकडे रोज येणाऱ्या ताई महापालिकेच्या नोकर आहेत का? पैसे कशाचे मागतात?

नोकर नाहीत. शहराच्या बऱ्याच भागांत दारोदार कचरा गोळा करणारी ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांचीच सहकारी संस्था आहे. तिच्या पाठीशी ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही १९९३ मध्ये स्थापन झालेली संघटना आहे, डॉ. बाबा आढाव तिचे अध्यक्ष होते. ‘स्वच्छ’ आणि महापालिका यांच्यात करार आहे, त्यानुसार घरटी महिन्याचं शुल्क ठरलेलं आहे आणि ते थेट त्यांना मिळतं. सुक्यातलं विकण्याजोगं विकून येणारे पैसेही त्यांचेच. त्यामुळे चांगली रद्दी आणि बाटल्या तुम्ही भंगारवाल्याला विकल्या आणि ताईंना फक्त घाण दिली, की त्यांच्या कमाईतला मोठा वाटा तुम्ही घेतलात. विकायला मनाई नाही. पण मग शुल्काबद्दल घासाघीस तरी करू नये.

वेगळा करून काय उपयोग? पुढे गाडीत सगळं एकत्रच टाकतात.

एकत्र टाकलेलं दिसतं ते बहुधा वेचून झाल्यावर उरलेलं. तुमच्या सोसायटीच्या गेटमागे किंवा कोपऱ्यावर सकाळी जाऊन पाहा: गोणपाटावर सुका कचरा पसरलेला असतो आणि हात भराभर चालतात. पाण्याची बाटली एका ढिगात, तिचं झाकण दुसऱ्या, शांपूची बाटली तिसऱ्या, पुठ्ठा चौथ्या. पाण्याची बाटली आणि तिचं झाकण वेगवेगळ्या प्लास्टिकची, त्यांचे भाव वेगळे. त्याच पिशवीत आमटीचं पातेलं रिकामं केलेलं असेल तर पुठ्ठ्याला कुणी हात लावत नाही. तुमच्या वेगळं करण्याचा उपयोग नेमका या टप्प्यावर होतो.

दुधाची पिशवी, चिप्सचं पाकीट, पिझ्झाचा खोका?

दुधाची पिशवी विकली जाते. खळखळून धुवा, उलटी टांगून वाळवा. कापताना कोपऱ्याचा तुकडा पूर्ण वेगळा करू नका, लोंबता ठेवा. तो तुकडा कुणीच वेचत नाही, गटारात जातो.

चिप्स-बिस्किटांची आतून चंदेरी पाकिटं ही प्लास्टिक आणि धातूचा थर चिकटवून केलेली असतात. ती वेगळी काढणं अवघड, म्हणून त्यांना भाव जवळजवळ नाही. सुक्यातच द्या, पण रिकामी, सगळी एका पिशवीत. पिझ्झाच्या खोक्याचं वरचं झाकण कोरडं असेल तर फाडून पुठ्ठ्यात, तेलकट तळ ओल्यात. थर्माकोलची ताटं-वाट्या राज्यात २०१८ पासून बंदीत आहेत, कुठल्या समारंभात दिसल्याच तर नाकारा.

फुटलेली काच वर्तमानपत्रात गुंडाळून वर ‘काच’ असं लिहा, आणि डब्यात न टाकता हातात द्या, सांगून. मेहंदी आणि काचेची जखम एकाच हातावर बघितली की हे पुन्हा सांगावं लागत नाही.

सॅनिटरी पॅड आणि डायपर?

कागदात गुंडाळून, त्यावर लाल ठिपका काढून, वेगळे द्या. ठिपक्यामुळे वेचणारीला उघडून बघावं लागत नाही. ऑनलाइन मागवलेल्या वस्तूची काळी पिशवी वापरू नका.

जुने चार्जर, सेल, ट्यूबलाइट, उरलेल्या गोळ्या, कपडे?

ई-कचरा आणि कपड्यांसाठी ‘स्वच्छ’चे ‘व्ही कलेक्ट’ हे गोळा करण्याचे उपक्रम होतात, तोवर एका खोक्यात साठवा. मोबाइलची फुगलेली बॅटरी मात्र साठवू नका आणि टोचू तर अजिबात नका. ट्यूबलाइटमध्ये पारा असतो, अखंड द्या. मुदत संपलेल्या गोळ्या कमोडमध्ये सोडू नयेत.

गणपतीचं निर्माल्य आणि मूर्ती?

निर्माल्यातून दोरा, प्लास्टिकची झालर आणि थर्माकोल काढून मगच कलशात. मूर्ती शाडूची असेल तर बादलीत विरघळते, ते पाणी झाडांना. प्लास्टरची असेल तर महापालिका अमोनियम बायकार्बोनेट देते. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं सुचवलेला हा मार्ग पुण्यातच रुळला. बादली झाकू नका आणि खिडकी उघडी ठेवा, अमोनियाचा वास नाकात जातो. अधूनमधून ढवळा.

सोसायटीत खतनिर्मिती करून पैसे वाचतात का?

वाचतात. गांडूळखत, सौरऊर्जा किंवा पर्जन्यजलसंचय यांपैकी एक चालू असेल तर मिळकतकरात ५ टक्के सवलत, दोन किंवा जास्त असतील तर १०. ‘चालू असेल तर’ हे शब्द महत्त्वाचे. पाहणीच्या आदल्या दिवशी खड्ड्यात माती टाकणाऱ्या सोसायट्या आम्हालाही ठाऊक आहेत. वास येतोय अशी तक्रार आली की समजा पालापाचोळा कमी पडतोय. शहाळी आणि आंब्याच्या कोयी अख्ख्या टाकू नका.

पूर्वी कोथरूडला कचरा डेपो होता म्हणे?

होता. आज वनाझला मेट्रोचा डेपो जिथे आहे ती तीच जागा. नंतर कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीला जाऊ लागला, तिथल्या विहिरींचं पाणी खराब झालं आणि गावकऱ्यांनी गाड्या अडवून वर्षानुवर्षं आंदोलनं केली. आपल्या नाकासमोरून डेपो गेला म्हणजे तो संपला, असं नाही.

सायकलचे जुने टायर-ट्यूब कशात टाकायचे?

ट्यूब टाकू नका. आडवी कापली तर रबरबँड होतात, उभी कापली तर कॅरिअरवर डबा बांधायला पट्टी. टायर सुक्यात द्या, पण आधी पंक्चरवाल्याला विचारा. दुसऱ्याच्या फाटलेल्या टायरला आतून गेटर, म्हणजे रबराचं ठिगळ, लावायला त्याला तसा तुकडा लागतोच. गच्चीवर मात्र ठेवू नका, पावसाचं पाणी साठून डासांची सोय होते आणि महापालिकेची नोटीस सोसायटीच्या नावानं येते.